उशीर कुणाचा, नोंद कुणाची

भोसरी एमआयडीसीतल्या लहान गाळ्यांना महिन्याची पाच तारीख फार जपावी लागते. पगार सात-आठला होतात, जीएसटीचा भरणा वीसला असतो, पण मशिनचे हप्ते बहुधा पाचला कापले जातात. त्या सकाळी चालू खात्यात रक्कम नसली की हप्ता परत जातो. बँक त्याचे पैसे लावते, फायनान्स कंपनी आपले वेगळे लावते. एवढ्यावर भागत नाही. हा उशीर मालकाच्या नावापुढे लिहिला जातो आणि पुढची कित्येक वर्षं तिथून पुसला जात नाही.

ज्या गाळ्यात बसून मी हे समजून घेतलं, तिथे दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशिन आहे. मालक पूर्वी याच पट्ट्यात ऑपरेटर होते. दुचाकीच्या सुट्या भागांसाठी पिना आणि बुश करून देतात. त्यांचा माल थेट मोठ्या कंपनीत जात नाही. मधल्या पुरवठादाराकडे जातो, तिथे जुळणी होते आणि मग पुढे. नाव छापायचं नाही, नाहीतर गिऱ्हाईक तुटेल, ही त्यांची एकच अट. २०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा त्यांचा सिबिल स्कोअर सहाशेच्या खाली गेला. काम कमी झालं होतं, पण बंद पडलं नव्हतं. जे काम झालं होतं त्याचेच पैसे अडकले होते.

पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, साठ दिवसांचा वायदा होता. पण दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. माल उतरला, तपासणी झाली, माल मिळाल्याचा जीआरएन पडला, की तिथून. एखादा लॉट रिजेक्ट झाला तर डेबिट नोट येते आणि वाद मिटेपर्यंत सगळं बिल थांबतं. साठाचे शंभर दिवस सहज होतात. वरच्या कंपनीने पुरवठादाराला थांबवलं, पुरवठादाराने यांना थांबवलं. यांच्या खाली फक्त कामगार होते. त्यांचे पगार मालकांनी थांबवले नाहीत, म्हणून हप्ता थांबला. एक, मग दुसरा.

या साखळीत प्रत्येक पायरीवर कुणीतरी कुणाचं तरी देणं थकवलेलं असतं. पण थकबाकीदार म्हणून नोंद होते ती शेवटच्या पायरीवरच्या माणसाची, कारण त्याचंच देणं बँकेला असतं. बाकीच्यांचं देणं एकमेकांना असतं, आणि ते कुठल्याही स्कोअरमध्ये धरलं जात नाही. ‘सिबिल खराब आहे’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने एखाद्या माणसाच्या चारित्र्यावर चिकटवतो, ते मला म्हणूनच मान्य नाही.

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस या मालकांचा एक हप्ता साठ दिवसांहून जास्त थकलेला होता. ती तारीख पुढे फार महागात पडली. टाळेबंदीनंतर मे २०२० मध्ये केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी तातडीच्या कर्जहमीची योजना आणली: शिल्लक कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत नवं कर्ज, सरकारच्या पूर्ण हमीवर, वेगळं तारण न मागता. अट अशी की २९ फेब्रुवारी २०२० रोजी खातं साठ दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नसावं. शेजारच्या दोन गाळ्यांना पैसे मिळाले, यांना नाही. मग त्यांनी बाहेरून शेकडा तीन रुपयांनी उचलले, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. ते पैसे त्यांनी एकही महिना न चुकवता फेडले. ती फेड कुठेच लिहिलेली नाही.

कायदा काय म्हणतो ते या पट्ट्यात पुष्कळांना तोंडपाठ आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा. त्याच्या १५व्या कलमाप्रमाणे सूक्ष्म वा लघू उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे थकवता येत नाही. करारात मुदत ठरली नसेल तर १५ दिवसच. त्यापुढे १६व्या कलमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. म्हणजे पीओवर छापलेले ते साठ दिवसच मुळात कायद्यात बसत नव्हते. तक्रारीसाठी राज्यात सुलभीकरण परिषदा आहेत, २०१७ साली ‘समाधान’ नावाचं ऑनलाइन पोर्टलही सुरू झालं. मालकांना विचारलं, तक्रार का केली नाही? ते म्हणाले, “साहेब, तक्रार एकदाच करता येते. दुसऱ्यांदा करायला ते गिऱ्हाईक राहत नाही.”

सरकारला हे कळत नाही असं नाही. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी कलमात नवी तरतूद लागू झाली. सूक्ष्म वा लघू उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर ते प्रत्यक्ष चुकतं केल्याच्या वर्षीच खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येतं. ती २०२३-२४ च्या हिशेबांनाच लागू असल्याने मार्च २०२४ मध्ये भोसरीत अनेकांची जुनी बिलं भराभर निघाली, असं मला तीन-चार ठिकाणी ऐकायला मिळालं. त्याआधी, २०१९ पासून, कंपन्यांना दर सहा महिन्यांनी ४५ दिवसांवर थकलेल्या अशा देण्यांची माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरावी लागते. म्हणजे मोठ्यांच्या उशिराचीही नोंद आहे. फक्त ती त्या मंत्रालयाच्या फॉर्ममध्ये राहते. गाळ्याच्या मालकाची फाईल वाचणाऱ्या बँक अधिकाऱ्याच्या टेबलावर येत नाही.

नोंद कुणाच्या हातात असते, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले, आणि पाहता पाहता हे लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या त्या उठावात लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. वह्या, खतं, रोखे मिळवायचे आणि जाळायचे. काय दिलं, काय फिटलं, किती उरलं, हे फक्त सावकाराच्या वहीत होतं आणि कुळाला ते वाचता येत नव्हतं. चार वर्षांनी आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात ऋणकोला भरलेल्या रकमेची लेखी पावती आणि वर्षाचा हिशेब मागायचा हक्क दिला गेला. दीडशे वर्षांपूर्वीचा हा हक्क मला आजच्या विषयाशी अगदी लागून असलेला वाटतो. कर्जदाराच्या नावाची वही त्याला स्वतःला वाचायला मिळणं, आणि चुकलं असेल तर दुरुस्त करून मागता येणं, ही पहिली पायरी तेव्हाही होती आणि आजही तीच आहे.

आजची वही चार कंपन्यांकडे आहे. सर्वांत जुनी सिबिल, २००० साली स्थापन झालेली. आता तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल. शिवाय एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. या सगळ्या २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्याखाली येतात. बँका आणि फायनान्स कंपन्यांना आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना पुरवावीच लागते. पूर्वी ती महिन्यातून एकदा जायची, १ जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्याला. व्यक्तीचा स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान. उद्योगांसाठी सिबिलची वेगळी क्रमवारी आहे, एक ते दहा, आणि तिथे एक सर्वांत चांगला. स्कोअर बघायची सवय झालेल्यांचा इथे घोळ होतो. मोठा आकडा दिसला की खूश होतात.

या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो, ही सोय २०१७ पासून आहे. स्वतःचा अहवाल स्वतः मागवल्याने स्कोअर कमी होत नाही. तरीही मला भेटलेल्या बहुतेक धंदेवाल्यांनी तो कधीच उघडून पाहिलेला नव्हता. बँकेत साहेबांनी स्क्रीन वळवून दाखवली, तेवढीच ओळख.

स्क्रीनच्या त्या बाजूला आयुष्य काढलेल्या एका निवृत्त कर्ज अधिकाऱ्यांशी बोललो. पुण्यातल्या एका सहकारी बँकेत त्यांनी अशा फाईली वर्षानुवर्षं वाचल्या. ते म्हणाले, “स्कोअर मी शेवटी बघायचो. आधी महिन्यांचे रकाने.” अहवालात प्रत्येक कर्जापुढे महिनावार एक आकडा असतो: त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता. शून्य, शून्य, शून्य, मग तीस, मग साठ, मग परत शून्य. असा क्रम दिसला की ते ओळखायचे की माणूस अडकला आणि बाहेर आला. नव्वद ओलांडलं की खातं अनुत्पादित. तिथून गोष्ट अवघड होते. त्याहून वाईट शेरे दोन. एक ‘राइट-ऑफ’, म्हणजे बँकेने ते कर्ज आपल्या हिशेबात बुडीत धरलं. कर्जदाराचं देणं मात्र फिटत नाही. दुसरा ‘सेटल्ड’, आणि याबद्दल ते कळकळीने बोलले. वसुलीवाला फोन करतो, लाखाचे साठ हजार भरा आणि मोकळे व्हा म्हणतो. माणूस दागिने मोडून भरतो, पेढे वाटतो. वर्षाने दुसऱ्या बँकेत जातो तर तिथे शेरा असतो की याने पूर्ण फेड केलेली नाही. तडजोड करावी लागली तर करावी, असं त्यांचं म्हणणं. पण पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं की अहवालात हे खातं कसं दाखवणार, आणि त्याचं उत्तर कागदावर घ्यावं.

खेळत्या भांडवलाचं गणित त्यांनी मला मांडून दाखवलं. लहान उद्योगाला सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट किती द्यायचं, याचा रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीपासून चालत आलेला ठोकताळा आहे: अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के मालकाने घालायचे. कोटीची उलाढाल असेल तर वीस लाखांचं लिमिट. मला हे ऐकताना वाटलं, पाव हिस्सा का? कारण हिशेबात धरलेलं आहे की पैसा वर्षातून चार वेळा फिरेल. कच्चा माल घेण्यापासून बिल वसूल होईपर्यंत तीन महिने. भोसरीच्या त्या गाळ्यात नुसतं बिल वसूल व्हायलाच तीन महिन्यांवर लागत होते. म्हणजे ठोकताळ्यानं दिलेलं लिमिट पहिल्या दिवसापासून अपुरं, म्हणून ते कायम पूर्ण उचललेलं, आणि कायम पूर्ण उचललेलं लिमिट दिसलं की अधिकारी समजतो, हा ताणात आहे.

गाळ्याचे मालक यातून कसे सावरले? सगळ्यांत आधी त्यांनी फायनान्स कंपनीला लेखी विनंती करून हप्त्याची तारीख बदलून घेतली. पुरवठादार पैसे सोडतो ते महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात. हप्ता पाचवरून पंचवीसवर गेला. एवढ्याशा बदलाने बाऊन्स थांबले. दुसरं, पंपांचे सुटे भाग करणारं एक लहान गिऱ्हाईक त्यांनी धरलं. दर नगामागे कमी, पण पैसे पंधरा दिवसांत. नफा घटला, हप्ते वेळेवर जाऊ लागले. बाहेरचं कर्ज फिटेपर्यंत नवीन कुठेही अर्ज केला नाही, कारण आठ ठिकाणी अर्ज केले की आठ चौकश्या अहवालात उमटतात आणि नववा आणखी सावध होतो. शेवटचं त्यांना जमलं नाही, पण ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं असं आहे: ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी ही ऑनलाइन मंडी २०१७ पासून सुरू आहे. लघुउद्योगाने बिल चढवायचं, खरेदीदाराने ते मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे काही दिवसांत हातात पडतात. खरेदीदाराने पुढे पैसे बुडवले तरी बँक लघुउद्योगाच्या मागे येत नाही. आणि इथे बँक व्याजदर ठरवताना खरेदीदाराची पत बघते. ज्याचं सिबिल पडलेलं आहे, अशा माणसासाठी यासारखी दुसरी सोय मला माहीत नाही. अडचण खरेदीदाराच्या मान्यतेची आहे. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंडीत नोंदणी आता सक्तीची आहे. या मालकांचा पुरवठादार त्या रेषेच्या खाली आहे. वरच्या पायरीवरच्याला सोय मिळाली, खालच्याला नाही. ही रेषा आणखी खाली आणली पाहिजे.

इचलकरंजीत गेलो तेव्हा याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. तिथला खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचं सूत घेतो, त्याच्यासाठी कापड विणतो आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, मजुरी घेतो. कापड त्याचं नाही, सूत त्याचं नाही, माग त्याचे. बँकेत उलाढाल दाखवायला गेला तर फक्त मजुरी दिसते. एक मागधारक मला म्हणाले, “बाजारात माझ्या शब्दावर सुताची गाडी उतरत्या. बँकेत माझ्या सहीवर पन्नास हजार मिळत नाहीत.” त्यांनी कधीच काही बुडवलेलं नाही. भिशी वर्षानुवर्षं चालवली, एकदाही हप्ता चुकला नाही. गावातल्या पतसंस्थेतून तीन वेळा कर्ज काढलं आणि फेडलं. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसतात. राज्याच्या सहकार कायद्याखाली असतात, आणि तिथली फेड सहसा या चार कंपन्यांच्या वहीत पोहोचत नाही. भिशीचा तर प्रश्नच नाही. महाराष्ट्राच्या गावोगाव ज्या पतसंस्थांनी बँकेच्या दारात न शिरू शकणाऱ्यांना उभं केलं, त्यांच्याकडच्या चोख परतफेडीला बाहेर किंमत नसावी, हे मला अन्यायाचं वाटतं. चांगल्या पतसंस्थांची फेड नोंदवली गेली तर लाखो लोकांना आपलं कमावलेलं नाव बँकेत नेता येईल.

अशा माणसाचं सिबिल वाईट नसतं, रिकामं असतं, आणि या दोन्हींत फरक आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ मागची नोंद नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. किमान स्कोअर किती हवा, याचा आकडाही तिने ठरवून दिलेला नाही. तो बँका आपापला ठरवतात. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी द्यायला हवं. “सिबिल बसत नाही” असं काउंटरवर तोंडी ऐकून परत यायचं नाही. कारण कागदावर मागायचं.

एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर ‘खराब सिबिल दुरुस्त करून मिळेल’ अशा पाट्या हल्ली गावोगाव दिसतात. याबाबत स्पष्ट बोललं पाहिजे. खरी नोंद कुणालाही पैसे घेऊन पुसता येत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. तक्रार क्रेडिट माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा थेट कर्ज देणाऱ्याकडे करायची. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला मिळायला हवी, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. त्यानेही भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तीच गोष्ट लघुउद्योगांच्या उद्यम नोंदणीची. ती पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, आणि तरी हजार-दोन हजार घेऊन ती करून देणारे एजंट जागोजाग बसले आहेत.

सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात एका बाईंचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा आहे. घरातल्या मागच्या खोलीत चार जणी भाकऱ्या थापतात. त्यांनी पडलेली पत पुन्हा उभी केली, आणि ज्या क्रमाने केली तो क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगतो.

वाळवणीसाठी यंत्र घ्यायचं म्हणून त्यांनी मुद्रा योजनेत अर्ज केला. २०१५ पासूनच्या या योजनेत शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं आणि तारण द्यावं लागत नाही. अर्ज परत आला. बाईंनी आयुष्यात कर्ज काढलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा विश्वासच बसेना. लेकीने मोबाइलवर अहवाल काढून दिला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली त्यांचीच. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या भाच्याला गाडी घ्यायची होती, तेव्हा त्या जामीनदार झाल्या होत्या. भाच्याने हप्ते सोडले, कंपनीने गाडी ओढून नेली, विकली, उरलेली रक्कम बुडीत धरली. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सही करताना फक्त आधारची झेरॉक्स मागितली होती. दुसरी नोंद एका मोबाइलच्या हप्त्यांची, आणि ती त्यांची नव्हतीच. नाव तेच, जन्मतारीख वेगळी.

दुसरीची तक्रार त्यांनी ऑनलाइन टाकली, आणि ती नोंद महिन्याच्या आत निघाली. पहिलीसाठी कंपनीने निम्म्यात तडजोड देऊ केली. बाईंनी विचारलं, कागदावर काय लिहिणार? उत्तर आलं, सेटल्ड. त्यांनी नाही म्हटलं. दोन पाटल्या बँकेत सोनेतारणाला ठेवल्या, रक्कम पूर्ण भरली आणि ‘काही देणं नाही’ असं पत्र घेतलं. घरात यावर भांडण झालं. भाच्याच्या गाडीसाठी पाटल्या का, असं नवऱ्याचं म्हणणं. बाईंचं उत्तर मी लिहून घेतलं: “गाडी त्याची होती, सही माझी होती.”

सोनेतारणाचा त्यांना दुहेरी उपयोग झाला. ते कर्जही नोंदीत येतं. ते त्यांनी मुदतीत फेडलं, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं चांगलं खातं तयार झालं. पाटल्या परत आल्या. मग त्याच बँकेत पंचवीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. अशा कार्डाला बँक स्कोअरवर अडून बसत नाही, कारण पैसा तिच्याकडेच असतो. कार्डावर फक्त शेंगदाणे आणि तेल घ्यायचं, तेही लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि बिल आलं की पूर्ण भरायचं.

सगळ्यांत मोठा बदल मात्र मला दुसराच वाटला. दुकानात लावलेला क्यूआर मुलाच्या खात्याचा होता. हॉटेलवाले रोख देत आणि ती रोख भाजी-किराण्यात जाई. धंदा बाईंचा, पण बँकेच्या दृष्टीने त्यांची विक्री शून्य. त्यांनी स्वतःच्या नावाने चालू खातं काढलं, क्यूआर बदलला, उद्यम नोंदणी केली आणि हॉटेलांना सांगितलं, पैसे खात्यावरच टाका. दोघांनी कुरकुर केली, एकाने सोडलं. वर्षभराने बँकेपुढे त्यांच्या नावाचं, दररोज पैसा येणारं खातं होतं. सरकारी बँका आता लहान कर्जांसाठी जीएसटी, खात्यातली उलाढाल असा डिजिटल माग बघून निर्णय घेऊ लागल्या आहेत, तेव्हा या वर्षभराच्या खात्याचं मोल स्कोअरइतकंच आहे.

एक गोष्ट त्यांच्या सीएने सांगितली आणि ती अनेकांनी लक्षात घ्यावी. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला वेगळं पॅन नसतं, म्हणून मालकाची पत हीच धंद्याची पत. घरच्या फ्रीजचा हप्ता चुकला तरी धंद्याचं कर्ज अडतं. भागीदारी संस्था किंवा कंपनी केली तर धंद्याचं पॅन वेगळं, नोंद वेगळी, आणि ती हळूहळू वाढवता येते. पण तिथेही बँक भागीदारांची वैयक्तिक हमी घेते आणि त्यांचे अहवाल बघते. संस्था बदलून मागचं झाकता येईल, या भरवशावर कुणी पैसे खर्च करू नयेत.

शिशू कर्ज दुसऱ्या खेपेला मिळालं. यंत्र आलं. हप्ते वेळेवर गेले, आणि यंदा किशोर गटातून मोठं कर्ज मंजूर झालं. भाकरी आता पुण्याच्या दुकानांतही जाते.

मी गेलो त्या आठवड्यात त्यांचे धाकटे दीर आले होते. त्यांना टेम्पो घ्यायचा आहे आणि कंपनीने जामीनदार मागितला आहे. बाई पोळपाटावरून न उठता म्हणाल्या, “भावजी, आधी तुमचा रिपोर्ट काढू, मग जामिनाचं बघू.” लेकीने तिथेच मोबाइलवर काढला. एका जुन्या फोनच्या कर्जाचे तीन हप्ते थकलेले निघाले. ते आपण बंद केलंय, अशी दिरांची समजूत होती. ते पैसे आधी भरायचे, कंपनीकडून पत्र घ्यायचं आणि दिवाळीनंतर परत अहवाल पाहायचा, असं ठरलं. तोवर टेम्पो भाड्यानेच चालवणार आहेत.